चौथ्या दिवसाचं रक्त

हार्ट ॲटॅकचा पेशंट आला की आता पहिल्या तासात लॅबकडे ट्रोपोनिन मागतात. मी नोकरीला लागले तेव्हा अकोल्यात ट्रोपोनिनचं नावही कुणी घेत नव्हतं. फिजिशियन साहेबांच्या चिठ्ठीवर ठरलेल्या तीन गोष्टी असायच्या: टीसी-डीसी (पांढऱ्या पेशी एकूण किती आणि कुठल्या जातीच्या किती), ईएसआर (तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात), एसजीओटी. यातली शेवटची तपासणी हृदयाचा स्नायू किती मेला त्याचा अंदाज द्यायची. पहिल्या दोन सांगायच्या त्या मरण्यावर बाकीच्या शरीराने काय केलं ते. एसजीओटी हृदयासाठी मागणं केव्हाच बंद झालं. पहिल्या दोन अजून चालू आहेत, आणि हृदयरोगाचे मोठमोठे तज्ज्ञ गेली पंचवीस-तीस वर्षं पुन्हा त्यांच्याच जातीच्या तपासण्यांकडे वळलेत. ‘या पेशंटचं पुढे काय बिघडणार?’ हा प्रश्न घेऊन. ही हकीकत डॉक्टरांच्या बाजूने पुष्कळदा लिहून झालीय. मी ती लॅबच्या ओट्यावरून सांगते.

सुरुवात लंडनच्या जॉन हंटरपासून करावी लागेल. अठराव्या शतकातला हा सर्जन. त्या काळी शिरा कापून रक्त काढणं हा सगळ्या आजारांवरचा उपाय होता, त्यामुळे वाडग्यात साठलेलं रक्त रोज डोळ्यांसमोर असायचं. अंगात दाह असलेल्या माणसाचं रक्त वाडग्यात वेगळं वागतं, तांबडा भाग भराभर तळाशी बसतो आणि वर फिकट पिवळट साय धरते, हे हंटरने नीट पाहून लिहून ठेवलं. रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरचं त्याचं पुस्तक १७९४ मध्ये निघालं. ते बघायला तो नव्हता. त्याला स्वतःला अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ येण्याचा त्रास, होता, आणि १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली त्यातच तो कोसळून गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या कडक झालेल्या सापडल्या. दाहाचं रक्त ओळखणारा माणूस हृदयाच्या दुखण्याने गेला, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे त्याच्या किंवा आणखी कुणाच्याही डोक्यात येण्याचं ते शतक नव्हतं.

वाडग्यातलं रक्त काचेच्या नळीत यायला शंभर वर्षं गेली. पोलंडच्या एडमंड बिअरनाट्स्कीने १८९७ मध्ये रक्त गोठू न देता उभं ठेवून तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजलं. रक्तातलं फायब्रिनोजेन वाढलं की वेग वाढतो, हेही त्याने सांगितलं. स्वीडनच्या रॉबिन फारेउसने ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गरोदर बायकांच्या रक्तात पाहिली, आणि १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेनने क्षयाच्या पेशंटांसाठी तिची पद्धत बसवून दिली. वेस्टरग्रेनची ती नळी मी निवृत्त होईपर्यंत वापरली: तीनशे मिलिमीटर लांब, दोन्ही टोकं उघडी, वरून खाली शून्य ते दोनशे खुणा.

ईएसआर लावणं दिसायला सोपं काम आहे. ३.८ टक्के सोडियम सायट्रेट एक भाग, रक्त चार भाग. आम्ही पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून त्यांत सायट्रेट मोजून ठेवायचो. नळीत रक्त तोंडाने ओढायचं. आजच्या मुलींना हे सांगितलं तर त्या दोन पावलं मागे सरकतात. मग नळी स्टँडवर सरळ उभी करायची, खाली रबराच्या गादीवर दाबून वरून स्प्रिंगची चिमटी लावायची, घड्याळ बघायचं आणि तासाभराने वरचा मोकळा प्लाझ्मा किती मिलिमीटर आहे ते वाचायचं. पुरुषांत पंधरापर्यंत, बायकांत वीसपर्यंत ठीक.

पण नळी तीन अंशांनी कलली तरी आकडा तिसऱ्या हिश्श्याएवढा वाढू शकतो. पेशी कललेल्या काचेच्या बाजूने घसरत जातात. खोली तापली की वेग वाढतो. आणि अकोल्याच्या मे महिन्यात खोली तापणार नाही तर काय होईल? त्यावर कूलर लावावा, तर कूलरने टेबल थरथरतं आणि थरथरत्या टेबलावर ईएसआरचा भरवसा नाही. म्हणून आमचं ईएसआरचं स्टँड टेबलावर कधीच नसायचं. भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडाप्प्याच्या ओट्यावर, खिडकीपासून लांब, अशी त्याची जागा होती आणि तिथे दुसरं काही ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्यात आमच्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या घरात. रक्त पातळ असलं की ईएसआर आपोआप चढतो, म्हणजे तीस-पस्तीस आकडा आला तर तो दाहाचा की ॲनिमियाचा, हे नळी सांगत नाही.

पेशी का बसतात? दाह सुरू झाला की यकृत फायब्रिनोजेन आणि तसली आणखी प्रथिनं रक्तात जास्त सोडू लागतं. त्यांच्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना पाठ लावून रुपयांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, आणि अशी जड चळत सुट्या पेशीपेक्षा लवकर खाली येते. यकृताला प्रथिनं बनवायला आणि ती साठायला वेळ लागतो. म्हणून हार्ट ॲटॅकच्या पेशंटचा ईएसआर पहिल्या दिवशी अगदी साधा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तो चढतो, चौथ्या-पाचव्या दिवशी साठ-ऐंशीवर जातो आणि पुढे कित्येक आठवडे उतरायचं नाव घेत नाही. नवीन रेसिडेंट डॉक्टर पहिल्या रात्रीचा आठ आकडा बघून विचारायचे, “ताई, नक्की ह्याच पेशंटचा ना?” जुने फिजिशियन पहिल्या दिवशी ईएसआर मागायचेच नाहीत.

त्या जुन्या लोकांचं शहाणपण कुठून आलं होतं, ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१२ मध्ये लिहिलं, की हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली तरी माणूस जागच्या जागी मरतोच असं नाही, काही तास, काही दिवस, कधी त्याहून जास्तही जगतो. तोवर हे निदान बहुतेक वेळा शवागारातच व्हायचं. हेरिकने ते खाटेपाशी आणलं आणि सक्तीची विश्रांती सांगितली. मग पेशंट जगू लागले तसा पुढचा प्रश्न आला: किती दिवस झोपवून ठेवायचं? त्याचं उत्तर बॉस्टनला मिळालं. जी. केनेथ मॅलरी, पॉल डडली व्हाइट आणि सालसेदो-सालगार यांनी ७२ हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९३९ मध्ये निष्कर्ष छापले. पेशंट ॲटॅकनंतर कितव्या दिवशी गेला ते माहीत होतं, त्यामुळे ती हृदयं ओळीने लावली की बरं होण्याचं एकेक पान उलगडत जात होतं. पहिल्या दिवसापासून मेलेल्या स्नायूत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शिरू लागतात. तीन-चार दिवसांत त्यांची गर्दी होते. मग मेलेला स्नायू उचलून न्यायचं काम सुरू होतं आणि त्या जागी हळूहळू व्रणाचा तंतू भरतो. छोटी जागा सवा महिन्यात भरून येते, मोठीला दोन महिने लागतात.

यातला सगळ्यात धोक्याचा काळ मधला. मेलेला स्नायू अजून पुरता निघालेला नाही, नवा तंतू अजून आलेला नाही, आणि न्यूट्रोफिलांची विकरं त्या जागेला पोखरतायत. भिंत तिथे लुसलुशीत असते. आतला दाब मात्र प्रत्येक ठोक्याला तोच. बहुतेकांची भिंत टिकते. काहींची फुगून पातळ होते आणि हृदय कायमचं मोठं होतं, पुढे पाय सुजतात, दम लागतो. थोड्यांची फाटते. बाहेरची भिंत फाटली तर मिनिटांत सगळं संपतं, दोन कप्प्यांमधला पडदा फाटला तर तास-दिवस मिळतात. हे फाटणं साधारण पहिल्या आठवड्यातलं. ‘चौथा-पाचवा दिवस सांभाळा’ असं आमचे साहेब नातेवाइकांना सांगायचे त्याचा अर्थ हा.

म्हणून ईएसआर. छाती उघडून भिंत बघता येत नव्हती, इको नव्हता. रक्तातला दाह उतरला म्हणजे आतली साफसफाई संपत आली, असा हिशेब होता. कित्येक डॉक्टर ईएसआर खाली येईपर्यंत पेशंटला खाटेवरून पाय खाली टाकू देत नसत. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरला हार्ट ॲटॅक आला तेव्हा त्यांचा सल्लागार म्हणून गेले ते हेच पॉल डडली व्हाइट. अध्यक्ष दवाखान्यातून बाहेर पडले ११ नोव्हेंबरला, म्हणजे सात आठवड्यांनी. १९३९ च्या त्या पेपरातला जखम भरून येण्याचा वेळ आणि हा वेळ पडताळून बघा. पण तोवर विश्रांतीचा हा काटेकोरपणा ढिला पडू लागला होता. बॉस्टनचेच सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्येच पेशंटला खुर्चीत बसवायला सुरुवात केली होती, कारण महिनाभर पाठीवर पडलेल्या माणसाच्या पायात गुठळ्या होतात आणि तो हृदयाने नाही तर त्यांनी मरतो.

आता दाहाची दुसरी तपासणी, सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. याची जन्मकथा मला फार आवडते, कारण यात हृदय कुठेच नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलात ऑस्वाल्ड एव्हरी न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होता. त्याच्या विभागातल्या विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांनी १९३० मध्ये पाहिलं, की न्यूमोनिया चढलेल्या पेशंटच्या सीरममध्ये न्यूमोकॉकसचा ‘सी’ नावाने वेगळा काढलेला अंश मिसळला की गढूळ साका बसतो. पेशंट बरा झाला की तोच साका बसत नाही. अँटिबॉडी अशी वागत नाही, ती बरं झाल्यावर टिकते. मग न्यूमोनिया नसलेल्या इतर आजारांतही हा साका दिसू लागला. १९४१ मध्ये ॲबरनेथी आणि एव्हरी, मॅक्लाउड आणि एव्हरी यांनी ते एक प्रथिन आहे, त्याच्या कामाला कॅल्शियम लागतं आणि ते फक्त आजाराच्या तीव्र काळात रक्तात येतं हे दाखवलं. १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टीने त्याचे स्फटिक मिळवले. एव्हरी, मॅक्लाउड, मॅकार्टी: १९४४ मध्ये आनुवंशिकतेचा मजकूर डीएनएत असतो हे ज्यांनी सिद्ध केलं तेच हे तिघे. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव डीएनएसाठी येतं. लॅबमध्ये आम्ही रोज त्यांचं दुसरं काम स्लाइडवर हलवत होतो, आणि आमच्यातल्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

टिलेटचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. रॉकफेलर सोडून तो बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सला गेला आणि १९३३ मध्ये गार्नरबरोबर त्याने शोधलं, की स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्ताची गुठळी विरघळवणारं काहीतरी सोडतो. ते म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. हार्ट ॲटॅकवर ते वापरून पाहणाऱ्या इटलीच्या गिस्सी चाचणीत ११,८०६ पेशंटांचे निकाल १९८६ मध्ये आले. शिरेतून पंधरा लाख युनिट दिल्यावर मृत्यू तेरा टक्क्यांवरून पावणेअकरापर्यंत खाली आले. त्यानंतर आमच्यासारख्या गावांतही हार्ट ॲटॅकवर तेच इंजेक्शन चालू लागलं. म्हणजे आयसीसीयूत सिस्टर जे औषध सलाइनमधून सोडत होत्या आणि तिसऱ्या दिवशी मी ज्याची तपासणी लावत होते, त्या दोन्हींची सुरुवात एकाच माणसाच्या हातून, तीन वर्षांच्या अंतराने झाली होती. दोन्ही वेळा तो जंतूंच्याच मागे होता.

मॅकार्टीचं शुद्ध प्रथिन सशांना टोचून त्याचं अँटिसीरम मिळालं आणि सीआरपी कुठल्याही लॅबला करता येऊ लागला. बारीक काचनळीत पेशंटचं सीरम आणि अँटिसीरम ओढायचं, नळी प्लॅस्टिसिनमध्ये उभी खोचायची, दुसऱ्या दिवशी साका किती मिलिमीटर बसला ते बघायचं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रूप आणि शॅकमन यांनी हार्ट ॲटॅकच्या पेशंटांत हे करून पाहिलं आणि सीआरपी हा ॲटॅकचं माप म्हणून वापरता येईल असं मांडलं. त्याच वर्षी, त्याच शहरातून, लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी एसजीओटीचा शोध छापला. आता विचार करा, डॉक्टर कशाकडे वळतील? एसजीओटी मेलेल्या पेशींतून थेट रक्तात येतं, काही तासांत वाढतं, आकड्यात मोजता येतं. सीआरपी दुसऱ्या दिवशी, मिलिमीटरमध्ये, आणि न्यूमोनिया, संधिवात, ऑपरेशन सगळ्यांतच. निदानाच्या शर्यतीत सीआरपी पहिल्याच वर्षी हरला. पुढची सगळी वाट, सीके-एमबी, मग ट्रोपोनिन, ही एसजीओटीने दाखवलेली. त्यात चूक काही नव्हती. फक्त ‘काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर सापडल्यावर ‘आता काय होणार’ हा प्रश्न कागदावरून खाली घसरला.

तो प्रश्न खाटेपाशी मात्र जिवंत होता. १९५६ मध्ये ब्रुकलिनच्या विल्यम ड्रेसलरने ॲटॅकनंतर काही आठवड्यांनी ताप, छातीत दुखणं, हृदयावरच्या आवरणाचा दाह आणि चढलेला ईएसआर असलेले पेशंट लिहून काढले. नवा ॲटॅक समजून गुठळी न होण्याची औषधं चालू ठेवली असती तर ती त्यांना घातकच ठरली असती. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल यांनी २५० पेशंटांवरून चार पायऱ्या केल्या, फुप्फुसात पाणी वाजतंय का, दम किती, रक्तदाब पडलाय का एवढ्यावरून. पहिल्या पायरीवर सहा टक्के मृत्यू, चौथीवर एक्क्याऐंशी. स्टेथोस्कोपने होणाऱ्या या पायऱ्या आजही टिकून आहेत. त्यांच्यासमोर लॅबवाल्यांनी फार तोरा मिरवू नये असं माझं मत आहे, आणि ते मी मीटिंगमध्येही बोलून दाखवलंय.

आमच्याकडे सीआरपी आला तो मुलांच्या सांधेदुखीच्या तापासाठी. शाळकरी पोरं, गुडघे सुजलेले, घसा आधी होऊन गेलेला. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसचा माग काढणारं एएसओ आणि सीआरपी दोन्ही लावायचे. गोव्यात बनलेली लॅटेक्सची किटं यायची. काळ्या स्लाइडवर सीरमचा एक थेंब, लॅटेक्सचा एक थेंब, काडीने कालवायचं आणि हातात घेऊन दोन मिनिटं डोलवायचं. दाणे पडले तर पॉझिटिव्ह. लॅटेक्सच्या कणांवर अँटिबॉडी चिकटवलेली असते, लिटरला सहा मिलिग्रॅमच्या वर सीआरपी असला की कण एकमेकांना धरतात. दोन मिनिटांच्या वर डोलवत बसलं तर थेंब सुकून खोटे दाणे दिसतात, त्यामुळे घड्याळ इथेही सुटत नाही.

हार्ट ॲटॅकच्या पेशंटचा सीआरपी आमच्याकडे मागायला सुरुवात झाली ती खूप नंतर, आणि पहिला धडा एका शेतकरी पेशंटने दिला. मोठा ॲटॅक, चौथा दिवस, बारीक ताप. वॉर्डातले मामा सॅम्पल घेऊन आले. स्लाइड अगदी दुधासारखी साफ, एक दाणा नाही. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहिणार तेवढ्यात आमच्या वरिष्ठ मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “चौथ्या दिवशी निगेटिव्ह? डायल्यूट करून लाव.” सीरम सलाइनमध्ये दुप्पट, चौपट असं पातळ करत नेलं. पातळ केल्यावर दाणे पडायला लागले आणि बत्तीसपट पातळ केलं तरी पडत राहिले. सहा गुणिले बत्तीस, १९२. सीआरपी इतका जास्त होता की प्रत्येक लॅटेक्सच्या कणावरच्या सगळ्या जागा त्यानेच भरून टाकल्या होत्या. दुसऱ्या कणाला धरायला हात मोकळा राहिला नव्हता. प्रोझोन म्हणतात याला. पुस्तकात दोन ओळी असतात. सगळ्यात आजारी पेशंटचा रिपोर्ट सगळ्यात निरोगी माणसासारखा दिसू शकतो, हे स्लाइड हातात घेतल्याशिवाय मनात उतरत नाही. साहेबांना फोन केला, इको झाला, भिंतीचा मोठा भाग फुगला होता. पेशंट घरी गेला, पण दम लागणं त्याच्याबरोबरच गेलं.

१९२ च्या जवळचाच आकडा मला पुढे पुन्हा भेटला. टोकियोच्या केओ विद्यापीठातल्या तोशिहिसा आन्झाई आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिलं, की पहिला मोठा ॲटॅक आलेल्यांत ज्यांचा सीआरपी डेसिलिटरला वीस मिलिग्रॅमवर, म्हणजे लिटरला दोनशेवर चढतो, त्यांच्यात भिंत फाटण्याचा धोका जास्त. त्याआधी १९८२ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात सीआरपीचा चढ-उतार तासातासाने आखला गेला होता: छातीत दुखू लागल्यापासून साधारण पन्नास तासांनी शिखर, सीके-एमबीच्या कितीतरी नंतर. त्या पेपरवर अत्तिलिओ मासेरी आणि मार्क पेपिस ही नावं आहेत, आणि १९९४ मध्ये रोमच्या जोव्हाना लिउत्सोबरोबरच्या पेपरवर ती पुन्हा दिसतात. या वेळी त्यांनी स्नायू मेलेलाच नाही अशा, नुसत्या वाढत्या अंजायनाच्या ३१ पेशंटांकडे पाहिलं. दाखल होतानाच ज्यांचा सीआरपी लिटरला तीन मिलिग्रॅम किंवा जास्त होता त्यांचंच पुढे बिघडलं. स्नायू मेला म्हणून दाह, हे समीकरण उलटं झालं. रक्तवाहिनीत दाह आधीपासून होता. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी धमन्या चोंदण्याचा हा सगळा रोगच दाहाचा आहे असं एका लेखात मांडलं, आणि बॉस्टनच्या पॉल रिडकरने सीआरपी तपासायचा तो निरोगी माणसांत, दहा वर्षांनी काय होईल त्यासाठी, अशी मोहीमच उघडली. त्या मोहिमेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझा विषय खाटेवरचा पेशंट आहे.

त्याच्यासाठी खरा प्रश्न असा: धोका कळला, मग दाह दाबायचा का? सरळ वाटतं. १९७० च्या दशकात तसं करून झालं होतं. मेथिलप्रेडनिसोलोन, जबरदस्त स्टेरॉइड, ॲटॅकच्या पेशंटांना दिलं. १९७६ मध्ये रॉबर्ट्स, डिमेलो आणि सोबेल यांनी दाखवलं, की त्याने स्नायूचं नुकसान कमी होण्याऐवजी वाढलं. मॅलरीच्या ७२ हृदयांनी जे सांगितलं होतं तेच: ज्या न्यूट्रोफिलांनी भिंत पोखरली तेच जागा साफ करून व्रणाला वाट करून देतात. त्यांना अडवलं तर भिंत नुसती मऊच राहते. आजही ॲटॅकच्या पेशंटला साध्या अंगदुखीवरसुद्धा डायक्लोफेनॅक सहजासहजी देत नाहीत, त्यामागचं एक कारण हेही.

सीआरपी स्वतः गुन्हेगार आहे की साक्षीदार, हेही तपासून झालं. कोपनहेगनच्या लोकसंख्येत काहींच्या जनुकांमुळेच सीआरपी जन्मभर जास्त असतो. २००८ मध्ये दिसलं, की अशा लोकांना हृदयविकार जास्त होत नाही. म्हणजे साक्षीदार. यकृताला जागं करणारं इंटरल्यूकिन-६ आणि त्याच्याही वर बसलेलं इंटरल्यूकिन-१ ही खरी मंडळी. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत १०,०६१ जणांत, ॲटॅक होऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या, इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणारं औषध दिलं. नवे ॲटॅक वगैरे पंधरा टक्क्यांनी कमी झाले, पण जंतुसंसर्गाने मृत्यू वाढले, आणि औषधाची किंमत तर विचारूच नका. मग स्वस्त औषधाकडे पाळी आली: कोल्चिसिन, गाउटवरचं जुनं. हेच रसायन आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत तिची लाल-पिवळी फुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात. माँट्रियलच्या कोल्कॉट चाचणीत २०१९ मध्ये ॲटॅकनंतर महिनाभराच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केल्यावर फायदा दिसला. सगळे खूष. २०२४ मध्ये क्लिअर सिनर्जी आली, ७,०६२ पेशंट, ॲटॅकच्या वेळीच औषध सुरू. फायदा काहीच नाही. गंमत अशी की त्या पेशंटांचा सीआरपी खाली आला होता. आकडा उतरला, पेशंटचं नशीब होतं तिथेच राहिलं. चार दशकं आकडे लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून जरा गप्प बसावंसं वाटतं, पण मी गप्प बसणार नाही: आकडा खोटा नव्हता, त्याच्याकडून मागितलं ते जास्त होतं.

दरम्यान टीसी-डीसीची मात्र अचानक चलती झाली. २००१ मध्ये स्लोव्हाकियाच्या झाहोरेकने सुचवलं, की आयसीयूच्या पेशंटमध्ये न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींची दुसरी जात) एवढं साधं गुणोत्तर ताण किती आहे ते सांगतं. २००८ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियातून न्यूनेझ आणि सहकाऱ्यांनी ते हार्ट ॲटॅकच्या पेशंटांना लावलं. गुणोत्तर मोठं तर मृत्यू जास्त. दाहाने न्यूट्रोफिल वाढतात, आणि ताणाच्या कॉर्टिसोलने लिम्फोसाइट घटतात, म्हणून एकाच भागाकारात दोन्ही गोष्टी येतात. आम्ही लिशमन स्टेनच्या स्लाइडवर शंभर पेशी बोटाने बटणं दाबत मोजायचो: न्यूट्रोफिल ऐंशी, लिम्फोसाइट पंधरा. हा भागाकार आमच्या रिपोर्टवर कायम समोर पडलेला होता. कुणी केला नव्हता एवढंच. जुने साहेब तो न करताही “डीसी बघितला का, पॉली चढलेत” म्हणून मान हलवायचे; पॉली म्हणजे न्यूट्रोफिलच.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सेल काउंटरच हे गुणोत्तर छापू लागला, आणि एमडीच्या मुलांनी प्रबंधासाठी ते उचललं. का उचलणार नाहीत? वेगळी किट नाही, खर्च नाही, प्रत्येक पेशंटचं टीसी-डीसी होतंच. एक्सेलचे तक्ते घेऊन मुलं यायची, “मॅडम, जुने रजिस्टर काढून द्या ना.” मी द्यायचे आणि एकच विचारायचे: सॅम्पल दुखणं सुरू झाल्यापासून किती तासांनी घेतलंय? बहुतेकांकडे ते नसायचं. दाखल झाल्याची वेळ असायची. दोन हजारच्या दशकात भारतभरच्या ८९ हॉस्पिटलांतल्या वीस हजारांवर पेशंटांची ‘क्रिएट’ नोंदणी झाली, तिच्यात दुखणं सुरू होऊन हॉस्पिटलात पोचायला मधला आकडा ३६० मिनिटांचा निघाला. सहा तास. कुणी दोन तासांत येतो, कुणी तालुक्याहून दुसऱ्या दिवशी एसटीने. न्यूट्रोफिल तासागणिक चढतात. एकाचं गुणोत्तर चार आणि दुसऱ्याचं नऊ, यातला किती फरक आजाराचा आणि किती रस्त्याचा? या गुणोत्तराचा सर्वमान्य कटऑफ अजून ठरलेला नाही, त्यात याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर ‘त्रास कधी सुरू झाला’ असा रकाना नव्हता. मी तो पट्टीने आखून, झेरॉक्सला पाठवायच्या मूळ कागदावर घालून घेतला. आता तो छापूनच येतो, आणि इमर्जन्सीच्या गडबडीत अजूनही अर्धाअधिक वेळा रिकामा असतो.